पीएचडीची जागा कुठं असते?

निकाल लागले की बेळगावच्या टिळकवाडीपासून खानापूरपर्यंतच्या पाहुण्यांचे फोन सुरू होतात. परवा मावशी म्हणाली, “अगं, आमच्या पोराचं एमएस्सी झालं. पीएचडीला कुठं जागा हाय काय बघ की.” तिला वाटतं, इंजिनिअरिंगसारखी यादी लागते, नंबर लागला की बॅग भरायची. मग पोराला घरी बोलावून जे सांगितलं, तेच इथं लिहिते.

पहिलं म्हणजे, जागा गाईडकडे, म्हणजे संशोधन करून घेणाऱ्या प्राध्यापकाकडे असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२च्या नियमांप्रमाणे प्रोफेसरला एका वेळी ८, असोसिएटला ६ आणि असिस्टंट प्रोफेसरला ४ विद्यार्थी घेता येतात. विद्यापीठाची जाहिरात आली तरी तुझ्या विषयाचा माणूस आधीच भरलेला असू शकतो. म्हणून आधी नाव शोध, मग फॉर्म. त्यांचे अलीकडचे पेपर काढ. पहिलं नाव विद्यार्थ्याचं आहे का बघ, म्हणजे श्रेय कुणाला मिळतं ते कळतं. जुनी पोरं किती वर्षांत सुटली ते विचार. किमान ३ वर्षं, पण काही जण ६ वर्षं होऊनही तिथंच दिसतात. हे सरांना विचारायचं नाही, लॅबमधल्या पोरांना चहाला गाठायचं. एका लॅबमध्ये एक्सआरडीचं (क्ष-किरणांनी पदार्थाची रचना तपासणारं) मशीन दिमाखात दाखवलं होतं. पोरांनी हळूच सांगितलं, चालवणारा माणूसच नाही, नमुने बाहेर पाठवतो.

दुसरं पैसे. नेट या देशपातळीवरच्या परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची फेलोशिप मिळाली तर २०२३पासून महिन्याला ३७,०००, दोन वर्षांनी ४२,०००, वर घरभाडं. फक्त पीएचडीपुरता नेट निघाला तर ते गुण वर्षभरच चालतात, आणि प्रवेशात नेटचे ७० टक्के, मुलाखतीचे ३०. इंजिनिअरिंगवाल्यांना गेट ही परीक्षा. तिसरी वाट प्रोजेक्टमधली जेआरएफ, म्हणजे एखाद्या सरांच्या संशोधन प्रकल्पावरची पगारी जागा; तिची जाहिरात संस्थेच्या वेबसाइटवर कुठल्यातरी कोपऱ्यात येते आणि मुदत संपली की कुणी आठवण करत नाही. तिथं दोनच प्रश्न विचार: प्रोजेक्टचे किती महिने उरलेत, आणि पीएचडीची नोंदणी होणार का? दुसऱ्याला गुळमुळीत उत्तर आलं तर उठून यायचं.

आपल्या भागात पर्याय आहेत. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ (व्हीटीयू) दारातच, पण तिथलं संशोधन बरंचसं संलग्न कॉलेजांच्या रिसर्च सेंटरमधून चालतं. नोंदणी झाली म्हणजे पगार सुरू झाला असं नाही, हे मावशीला तीनदा सांगावं लागलं. राणी चन्नम्मा विद्यापीठ बेळगावजवळच, शिवाजी विद्यापीठ कोल्हापूरला, आणि २०१६मध्ये सुरू झालेली आयआयटी धारवाडला. सीमेवरच्या पोरांना एक बरं: नेट-गेटला कुणी कर्नाटकचा की महाराष्ट्राचा असं विचारत नाही. राज्यांच्या फेलोशिपला विचारतात, तेव्हा तिथं रहिवासी दाखल्याची अट आधी वाच.

आता मेल. पोरानं लिहून आणलेला मेल “मी अतिशय कष्टाळू व प्रामाणिक विद्यार्थी आहे” असा सुरू होत होता. ते सगळं खोडलं. त्यांच्या कुठल्या पेपरमधलं काय आवडलं, आपल्या एमएस्सी प्रोजेक्टमध्ये स्वतःच्या हातानं काय केलं, फेलोशिप आहे की नाही, इतकंच ठेवलं. सीव्ही पीडीएफमध्ये, दोन पानांत. एकच मेल वीस जणांना सीसी करून तर अजिबात पाठवायचा नाही. आठवड्यात उत्तर नाही आलं तर एकदा आठवण करायची, नंतर यादीतलं पुढचं नाव घ्यायचं.