ट्रम्पेट ऐकू येतो व्हायोलिनच्या माइकमधून

जुन्या हिंदी गाण्यांचा कार्यक्रम, आठशे-हजार खुर्च्यांचं नाट्यगृह, मंचावर पंचवीस-तीस माणसं आणि मागच्या रांगेत ब्रास: दोन ट्रम्पेट, एक ट्रॉम्बोन, एक आल्टो आणि एक टेनर सॅक्स. मिक्सरवर बसलेल्याला ट्रम्पेट टोचतो, म्हणून तो ट्रम्पेटचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) खाली घेतो. फरक पडत नाही. शेवटी चॅनल म्यूट करतो. तरी ट्रम्पेट आहेच, फक्त आता लांब कुठेतरी न्हाणीघरात वाजल्यासारखा. कारण तो येतोय व्हायोलिनच्या माइकमधून.

व्हायोलिनच्या माइकला ट्रम्पेटपेक्षा 20-25 डीबी जास्त गेन (माइकचा आवाज डेस्कमध्ये घेताना दिलेली वाढ) द्यावा लागतो. मग तीन मीटर मागे बसलेला ट्रम्पेटवाला त्या माइकला व्हायोलिनइतकाच ठळक ऐकू येतो, आणि तोही सुमारे 9 मिलिसेकंद उशिरा. असे सहा माइक, प्रत्येकाचं ट्रम्पेटपासूनचं अंतर वेगळं. ही सगळी उशिराची चित्रं एकमेकांवर पडली की जो धुरकट आवाज तयार होतो तो कुठल्याच ईक्यूने (आवाजाच्या खालच्या-वरच्या पट्ट्या वेगवेगळ्या कमी-जास्त करणं) साफ होत नाही. म्हणून ब्रास असलेल्या ऑर्केस्ट्राचा मिक्स मंच आखतानाच निम्मा ठरलेला असतो.

आधी चॅनल मोजू. ड्रम किट 8, ऑक्टोपॅड 2, तबला 2, ढोलक 2, ढोलकी 2, काँगो 2, साइड रिदम 2, बास 1, दोन गिटार 2, दोन कीबोर्ड स्टिरिओ 4, अकॉर्डियन 2, मेंडोलिन 1, बासरी 1, व्हायोलिन 6, ब्रास 5, गायक 4, निवेदक 2. झाले 48. यात राखीव एकही नाही, त्यामुळे 48 चॅनलचा डेस्क असेल तर साइड रिदम एका माइकवर आणा आणि एक चॅनल मोकळा ठेवा. तो लागतोच, कारण सॅक्सवाला दोन गाण्यांना क्लॅरिनेट किंवा बासरी घेणार आहे, हे तालमीत कुणीच सांगत नाही. सॅक्सच्या माइकवर बासरी वाजवली तर पातळी 15-20 डीबीने पडते, आणि ती भरून काढायला वर नेलेला फेडर पुढच्या गाण्याला खाली आणायचा राहून जातो.

आता आखणी. नेहमीचं चित्र म्हणजे ब्रास मागे मधोमध, त्यांच्यापुढे व्हायोलिन, त्यापुढे गायक. फोटोला छान, आवाजाला वाईट. ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोनचा वरच्या पट्टीतला आवाज भोंग्याच्या रोखाने टॉर्चसारखा सरळ जातो. 2 किलोहर्ट्झच्या वर तर बाजूला उभं राहिलं की तीच फुंक मंद वाटते. त्या टॉर्चच्या झोतात व्हायोलिन बसवू नका. ब्रास एका विंगेकडे, व्हायोलिन दुसऱ्या विंगेकडे, दोघेही थोडे आत वळलेले, आणि ट्रम्पेटचा रोख मधल्या मोकळ्या वाटेतून प्रेक्षागृहाकडे. ब्रासखाली 40 ते 60 सेंटिमीटरचा प्लॅटफॉर्म असेल तर झोत पुढच्यांच्या डोक्यावरून जातो. ट्रॉम्बोनला रांगेचं टोक द्या. त्याची स्लाइड सातव्या पोझिशनला हातभर पुढे येते, मधे बसवला तर कुणाचं तरी स्टँड पडणारच.

व्हायोलिनला स्टँडवरच्या माइकऐवजी क्लिपचा माइक लावला तर अंतर 60 सेंटिमीटरवरून 10 वर येतं. हिशेबाने हा 15 डीबीचा फायदा आहे, फुकटचा. भाड्याच्या यादीत पैसे कुठे घालायचे असतील तर इथे. ब्रासच्या माइकवर नव्हे.

ब्रासला महागडा माइक लागत नाही. ट्रम्पेटच्या भोंग्यासमोर अगदी जवळ 120 डीबीच्या पुढे आवाज असतो. साधा एसएम 57 माइक तो निमूट सोसतो. एमडी 421 हा माइक ट्रॉम्बोन आणि टेनर सॅक्सला फार छान बसतो. रिबन माइक मिळाला तर ट्रम्पेटची धार आपोआप गोल होते, पण रिबन मागूनही तितकंच ऐकतो, त्यामुळे मॉनिटर (वादकांना ऐकण्यासाठी मंचावर ठेवलेले स्पीकर) आणि ड्रम बघून ठेवा. जुन्या रिबनच्या लाइनवर फँटम (डेस्कवरून माइकला जाणारी वीज) बंद आहे ना, तेही बघा.

अंतर ट्रम्पेटला 30 ते 45 सेंटिमीटर, माइक भोंग्याच्या मध्यरेषेपासून थोडा बाजूला. अगदी समोर लावला तर फुंकेचा वारा आणि थुंकीचा फरफर आवाज येतो. इथे एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते, ती म्हणजे नोटेशनचं स्टँड. वादक बसतो, कागद डोळ्यांसमोर घेतो, आणि भोंगा थेट त्या पत्र्यात वाजू लागतो. माइक स्टँडच्या पलीकडे. मग पत्र्यावरून परतलेला आवाज वादकाच्याच कानात जातो, त्याला वाटतं आपण खूप जोरात वाजवतोय, आणि माइकला मिळतो तो कागदाआडचा बोथट ट्रम्पेट. ऑपरेटर वर 5 किलोहर्ट्झ चढवत बसतो. उपाय ईक्यूचा नाहीच: स्टँड कमरेपर्यंत खाली, पत्रा जवळजवळ आडवा, माइक स्टँडच्या वरच्या कडेवरून डोकावणारा. मग वादकाला सांगायचं, ‘कागद बघा, पण वाजवा माइकवरून.’

सॅक्सचं गणित वेगळं आहे. त्याचा आवाज फक्त भोंग्यातून येत नाही, उघड्या भोकांतूनही येतो, भोंगा पूर्ण बोलतो तो सगळी भोकं बंद असलेल्या सर्वात खालच्या सुरांना. भोंग्यात माइक खुपसला की खालचे दोन-तीन सूर अंगावर येतात आणि मधली पट्टी नाकात बोलते. माइक 20-30 सेंटिमीटरवर, भोंग्याच्या वरच्या कडेपासून डाव्या हाताच्या बोटांकडे रोखलेला. आपल्या श्रोत्याच्या कानात जुन्या हिंदी गाण्यांतले सॅक्सवादक मनोहारी सिंग यांचा आल्टो बसलेला आहे, त्यातला श्वास त्याला ऐकायचा असतो. सोलोच्या वेळी वादकाने अर्धा पाऊल पुढे यावं एवढंच त्यासाठी पुरतं. हे त्याच्याशी आधी बोलून ठेवा.

भोंग्याला अडकवायचे वायरलेस माइक सोयीचे, पण दोन खोडी आहेत. पहिली, पाकिटाएवढ्या ट्रान्समीटरचा इनपुटच ट्रम्पेटने भरून वाहतो. आवाज फाटतो, आणि डेस्कवर मात्र मीटर हिरवा. डेस्कचा गेन कमी करून काही होत नाही, ट्रान्समीटरचा पॅड (आत येणारा आवाज कमी करणारं बटण) दाबा. दुसरी खोड म्यूटची, म्हणजे आवाज बदलायला भोंग्यात बसवतात त्या बुचाची. वादक घाईत भोंग्यात म्यूट कोंबतो आणि माइकची वाकडी मान ठोकली जाते, तो ठोका सगळ्या नाट्यगृहात ऐकू जातो. म्यूट जास्त असलेल्या कार्यक्रमाला ट्रम्पेटसाठी स्टँडच बरं. हार्मन म्यूट लावला की ट्रम्पेट इतका बारीक होतो की वादकाला 5 सेंटिमीटरवर यावं लागतं. फेडरने ती कसर काढायला गेलात तर वर येतो तो शेजारचा ड्रम.

गेन लावताना एक लक्षात ठेवा: साउंड चेकला वाजवलेला ट्रम्पेट आणि भरलेल्या नाट्यगृहात पहिल्या टाळीनंतर वाजवलेला ट्रम्पेट यात 6 डीबीचा फरक सहज असतो. डिजिटल डेस्कवर सरासरी उणे 18 च्या आसपास, शिखर उणे 10 च्या आत.

साउंड चेकला एकेका ब्रासवाल्याला ‘अजून एकदा, अजून एकदा’ करत दहा मिनिटं फुंकायला लावू नका. ओठ हा स्नायू आहे, तो दमतो, आणि त्याची किंमत मध्यंतरानंतरच्या वरच्या सुरांत मोजावी लागते. पाचही जणांकडून तीनच गोष्टी घ्या: एक लांब सूर, सगळ्यांनी मिळून मध्यम जोरात. मग यादीतल्या सर्वात जोरदार गाण्याचे आठ बार. मग म्यूटचा तुकडा. पहिल्या लांब सुरातच कळतं की पाच जण एक वाद्य म्हणून वाजतायत की पाच वेगवेगळी. त्यांचा आपसातला तोल त्यांनाच करू द्या. पहिला ट्रम्पेट सगळ्यांना किती वाजवायचं ते दाखवतो आणि बाकीचे त्याच्याखाली बसतात, हे त्यांच्या अंगात मुरलेलं असतं. तुम्ही पाच फेडर वेगवेगळे हलवलेत की ते मोडतं. पाचही चॅनल एका ग्रुपवर, आणि कार्यक्रमभर बोट फक्त त्या एका फेडरवर. टेपवर सगळं एकाच ट्रॅकमध्ये उतरायचं त्या काळात तोल अंतराने साधायचे, माइकपासून ट्रम्पेट लांब आणि व्हायोलिन जवळ. तत्त्व तेच.

ईक्यू थोडाच. ट्रम्पेटचा सर्वात खालचा सूर 165 हर्ट्झच्या आसपास, म्हणून हाय पास (त्याखालचा आवाज कापणारा फिल्टर) 140-150 ला बिनधास्त. आल्टोला 110, टेनरला 90, ट्रॉम्बोनला 70. ट्रम्पेट कानाला लागत असेल तर 3 किलोहर्ट्झला रुंद उतार, 2-3 डीबी. सॅक्स नाकात बोलत असेल तर 800 ते 1000 हर्ट्झमध्ये शोधा. ट्रॉम्बोन आणि कीबोर्डवाल्याचा डावा हात 250 ला एकमेकांच्या पायात येतात. तिथे कीबोर्ड कापा, ट्रॉम्बोन नको.

कीबोर्डवरून आठवलं. एखादा वादक कमी असला की कीबोर्डवाला ब्रासचा टोन लावून जागा भरतो. हेतू चांगला. पण खरा ट्रम्पेट आणि कीबोर्डमधला ट्रम्पेट एकाच सुरावर एकाच पातळीला वाजले की दोघेही खोटे वाटतात. कीबोर्ड 6 डीबी खाली ठेवा.

कॉम्प्रेसर (मोठा आवाज आपोआप दाबणारी सोय) ग्रुपवर एकच: 3:1, अटॅक (दाब बसायला लागणारा वेळ) 25 मिलिसेकंद, रिलीज (दाब सुटायला लागणारा वेळ) 120 च्या आसपास, जोरदार जागी 3-4 डीबी दाब. अटॅक 1-2 मिलिसेकंद ठेवला की जिभेने तोडलेला सुरुवातीचा ‘टॅ’ चिरडला जातो, आणि ब्रासची सगळी मजा त्या ‘टॅ’ मध्ये आहे. रिव्हर्ब (घुमारा) प्लेट प्रकारचा, दीड सेकंदाच्या आत, प्रीडिले (घुमारा सुरू होण्याआधीची फट) 25 मिलिसेकंद, रिव्हर्बच्या परतीवर 300 हर्ट्झचा हाय पास. पॅनिंगचा (वाद्यं डाव्या-उजव्या स्पीकरमध्ये वाटायचा) मोह आवरा. कडेच्या खुर्चीवरच्या माणसाला एकच स्पीकर ऐकू येतो, आणि त्यानेही तिकीट काढलेलं असतं.

प्रत्यक्ष मिक्समध्ये ब्रास स्थिर ठेवून चालत नाही. इंट्रो आणि अंतऱ्यांआधीच्या दोन्ही म्युझिकला ग्रुप 3 डीबी वर, मुखडा-अंतऱ्याला परत जागेवर, गायकाच्या ओळीमागे लांब सूर धरलेले असतील तर आणखी 2 खाली. दोन ओळींच्या मधल्या फटीत येणारा दोन सुरांचा फटका मात्र दाबायचा नाही. गायकाच्या आवाजावरून ब्रास आपोआप दाबणारी सोय डेस्कवर असते, पण ती नेमकी त्या फटीतच उशिरा सुटते. त्यापेक्षा अरेंजरकडून प्रत्येक गाण्याचे बार लिहून घ्या आणि कागद डेस्कला चिकटवा.

छोट्या नाट्यगृहात पहिल्या चार रांगांना ब्रास मंचावरूनच भरपूर पोचतो, कमी पडतो तो गायक. तिथे मंचाच्या कडेला फ्रंट फिल (पुढच्या रांगांसाठीचे छोटे स्पीकर) लावा आणि त्यात फक्त गायक आणि निवेदक द्या. मेन स्पीकर ब्रासच्या 6 मीटर पुढे असतील तर स्पीकरचा आवाज सुमारे 17 मिलिसेकंद आधी पोचतो. मेनला 10-15 मिलिसेकंदांचा डिले दिला की मंचावरचा आणि स्पीकरचा ब्रास एकत्र येतात आणि आवाज एकदम घट्ट होतो. मॉनिटरला हा डिले जाता कामा नये. आणि मिक्सर बाल्कनीखाली शेवटच्या रांगेमागे असेल तर अर्ध्या तासाने उठून मधल्या रांगेपर्यंत चक्कर मारा, कारण बाल्कनीखाली बास फुगलेला ऐकू येतो आणि ट्रम्पेटची धार कळत नाही.

गायकांच्या माइककडेही लक्ष हवं. गायक प्रेक्षकांकडे तोंड करून उभा असतो, म्हणजे त्याच्या माइकचं तोंड थेट ब्रासकडे. चार गायकांतला एकच गातोय आणि चारही माइक उघडे, तर ब्रासला चार फुकटचे माइक मिळाले. वर उघडे माइक दुप्पट झाले की सीटी वाजण्याआधीची जागा 3 डीबीने आकसते. जो गात नाही तो बंद, निवेदक पहिल्या शब्दाला उघडा आणि शेवटच्या शब्दाला बंद.

मॉनिटरमध्ये ब्रासवाल्यांना स्वतःचा आवाज फारसा लागत नाही. लागतो रिदम, बास, कीबोर्ड आणि थोडा गायक. पण ‘आम्हाला आमचंच ऐकू येत नाही’ असं ते म्हणाले तर हसण्यावारी नेऊ नका. ट्रम्पेटवाल्याला स्वतःचा सूर ऐकू आला नाही की तो जोर लावतो, तुम्ही त्याला खाली घेता, तो आणखी जोर लावतो. त्यांच्या वेजमधला (जमिनीवरच्या तिरक्या मॉनिटरमधला) ड्रम कमी करा, काम होतं. वेज कार्डिऑइड (बरोबर मागून सर्वात कमी ऐकणाऱ्या) माइकच्या बरोबर मागे, हायपरकार्डिऑइड (मागूनही थोडं ऐकणारा) असेल तर थोडा तिरका.

एसी हा शेवटचा मुद्दा. दुपारी साउंड चेकला एसी बंद, संध्याकाळी चालू. तापमान एका अंशाने उतरलं की ब्रास साधारण 3 सेंटने (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) उतरतं. सहा-सात अंश म्हणजे 20 सेंट, आणि कीबोर्ड मात्र 440 हर्ट्झला खिळलेला. मिक्सरवर ऐकताना हे ‘ब्रास पातळ वाटतंय’ असं ऐकू येतं आणि हात ईक्यूकडे जातो. तासभर आधी एसी लावायला सांगा, आणि मध्यंतरानंतर पडदा उघडण्याआधी ब्रासला कीबोर्डवरून एक सूर द्यायला लावा. मध्यंतरात वाद्यं थंड झालेली असतात.