सतरा वर्षांच्या मुलीसाठी जुनी एसयूव्ही निवडताना

न्यू जर्सीतील मराठी कुटुंबांत मूल अकरावीत गेले की कॉलेजच्या अर्जांइतकीच चर्चा त्याच्या पहिल्या गाडीची होऊ लागते. भारतातील नातेवाइकांना हे कळले की त्यांचा प्रश्न ठरलेला असतो : सतरा वर्षांच्या मुलीला गाडी, आणि तीही एसयूव्ही? पुण्यात कल्याणीनगर येथे मे २०२४ मध्ये झालेल्या अपघातात दोन तरुणांचा जीव गेला आणि गाडी अल्पवयीन मुलगा चालवत असल्याचा आरोप झाला. त्यानंतर हा प्रश्न अधिक धारदार झाला आहे आणि तो गैरही नाही. भारतात अठरा वर्षे पूर्ण झाल्याशिवाय चारचाकी चालवता येत नाही, आणि २०१९ च्या कायदादुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गुन्हा केल्यास पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. इथे न्यू जर्सीत मात्र सोळाव्या वर्षी शिकाऊ परवाना, सतराव्या वर्षी बंधने असलेला परवाना आणि अठराव्या वर्षी पूर्ण परवाना अशी पायऱ्यापायऱ्यांची व्यवस्था आहे.

त्या मधल्या पायरीवरची बंधने आमच्या मुलीसाठी गाडी निवडताना फार उपयोगी पडली, म्हणून ती आधी सांगते. रात्री अकरानंतर पहाटे पाचपर्यंत गाडी चालवता येत नाही. आईवडील बरोबर नसतील तर गाडीत फक्त एकच पाहुणा प्रवासी चालतो. फोन हातात धरून तर नाहीच, पण स्पीकरवरही बोलता येत नाही. गाडीच्या दोन्ही नंबरप्लेटना छोटे लाल परावर्तक स्टिकर लावावे लागतात, ज्यावरून पोलिसांना चालक नवखा असल्याचे कळते. हा नियम २०१० पासून लागू आहे आणि मुलांना तो मनापासून नकोसा असतो. फेब्रुवारी २०२५ पासून शिकाऊ परवान्याच्या काळात पन्नास तासांचा सराव, त्यातले दहा तास अंधारात, झाल्याचे लिहून द्यावे लागते. हे सगळे असूनही मुलांना गाडी लागते, कारण आमच्या उपनगरात रिक्षा नाही, शाळेची बस दुपारी एकदाच सुटते, आणि त्यानंतरचा वादनाचा सराव असो की दुकानातील अर्धवेळ नोकरी, कोणीतरी नेऊन सोडल्याशिवाय तिथे पोहोचता येत नाही.

आता एसयूव्हीकडे वळते. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी अमेरिकेतील कोणताही जाणकार माणूस नवख्या चालकाला एसयूव्ही देऊ नका असेच म्हणाला असता, आणि त्याला कारण होते. उंच बांध्याची गाडी अचानक वळवली की तिचा तोल जाऊन ती उलटते. २००० साली फोर्ड एक्स्प्लोरर गाड्यांवरील फायरस्टोन टायर फुटून गाड्या उलटल्याचे प्रकरण इतके गाजले की लाखो टायर परत मागवावे लागले आणि अमेरिकी संसदेत त्यावर सुनावण्या झाल्या. चित्र बदलले ते इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोलमुळे. गाडी घसरू लागली की संगणक एकेका चाकाचा ब्रेक स्वतंत्रपणे लावून तिला पुन्हा चालकाने वळवलेल्या दिशेला आणतो. २०१२ च्या मॉडेलपासून ही यंत्रणा अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सर्व छोट्या-मोठ्या गाड्यांत सक्तीची आहे. म्हणून २०१२ च्या आधीची एसयूव्ही कितीही स्वस्त, कितीही चकचकीत आणि कितीही विश्वासू मित्राची असली तरी आम्ही तिच्याकडे पाहिलेच नाही.

माझा आतेभाऊ कोल्हापूरहून फोनवर म्हणाला, "ताई, लहान गाडी घेऊन दे की, स्विफ्टसारखी. हात बसेपर्यंत तीच बरी." कोल्हापूरच्या रस्त्यांवर त्याचे म्हणणे बरोबर आहे. इथे ते लागू पडत नाही, कारण इथल्या हमरस्त्यांवर ताशी शंभर किलोमीटरच्या वेगाने शेजारून दोन-अडीच टनांचे पिकअप ट्रक जात असतात आणि टक्कर झालीच तर हलक्या गाडीतील माणसाला जास्त मार बसतो, हे साधे भौतिकशास्त्र आहे. विमा कंपन्यांच्या पैशांवर चालणारी इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी ही संस्था आणि कन्झ्युमर रिपोर्ट्स हे मासिक मिळून किशोरवयीन चालकांसाठी जुन्या गाड्यांची एक यादी प्रसिद्ध करतात. त्या यादीत २७५० पौंडांपेक्षा, म्हणजे सुमारे १२५० किलोपेक्षा हलकी गाडी घेतलीच जात नाही. स्विफ्ट हजार किलोच्याही आतली. पण त्याच यादीत अवाढव्य एसयूव्ही आणि मोठे ट्रकही नसतात, कारण ते आवरायला कठीण असतात, थांबायला जास्त अंतर घेतात आणि समोरच्याचा जीव घेण्याची शक्यता वाढवतात. याच संस्थेच्या २०२३ मधील अभ्यासानुसार ज्यांच्या बॉनेटची उंची चाळीस इंचांहून अधिक आहे अशा गाड्यांच्या धडकेत पादचारी दगावण्याचे प्रमाण, बॉनेट तीस इंचांहून कमी उंचीचे आणि उतरते असलेल्या गाड्यांच्या तुलनेत, सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त आढळले. आपले मूल सुरक्षित राहावे म्हणून त्याच्या हाती दुसऱ्याच्या मुलाला धोकादायक ठरणारे वाहन द्यायचे, हे मला पटत नाही. म्हणून शोध मध्यम आकाराच्याही खाली, म्हणजे टोयोटा रॅव्ह-फोर, होंडा सीआर-व्ही, सुबारू फॉरेस्टर, माझदा सीएक्स-५ या दीड टनाच्या आसपासच्या वर्गात आला. सात आसनी गाडी आम्ही आधीच वगळली होती. कायद्याने एकच प्रवासी चालत असताना तिसरी रांग म्हणजे मैत्रिणींना दिलेले निमंत्रणच.

इथपर्यंत फारसा वाद झाला नाही. खरी गंमत पुढे आहे, आणि ती बहुतेक लोकांच्या लक्षात येत नाही असे मला वाटते : गाडीच्या नावापेक्षा तिचे साल आणि तिची श्रेणी (व्हेरिएंट) जास्त महत्त्वाची असते. समोरच्या गाडीला आपण धडकणार असे दिसताच स्वतःहून ब्रेक लावणारी यंत्रणा नवख्या चालकाला सर्वांत उपयोगी, कारण त्याची नजर क्षणभर इकडेतिकडे जाणारच. ही यंत्रणा रॅव्ह-फोरमध्ये २०१७ च्या मॉडेलपासून सर्व श्रेणींत आहे. सीआर-व्हीमध्ये मात्र २०१७ ते २०१९ या काळात ती वरच्या श्रेणींत होती, सर्वांत खालच्या एलएक्समध्ये नव्हती, आणि सर्वांना मिळाली ती २०२० पासून. फॉरेस्टरमध्ये ती २०१९ पासून सरसकट आहे. त्याआधी ज्याने जास्तीचे पैसे मोजले त्याच्याच गाडीत. म्हणजे एकाच दुकानात शेजारीशेजारी उभ्या असलेल्या, एकाच रंगाच्या आणि सारख्याच दिसणाऱ्या दोन सीआर-व्हींपैकी एक संकटात थांबेल आणि दुसरी थांबणार नाही, आणि जाहिरातीत दोन्हींपुढे 'सर्व सुविधांनी युक्त' असेच लिहिलेले असेल. मागचा कॅमेराही मे २०१८ पासून सर्व नव्या गाड्यांत सक्तीचा झाला. उंच गाडीत लांबचे छान दिसते, पण मागच्या काचेखालचे सायकलवरचे पोर दिसत नाही. त्यामुळे मी या कॅमेऱ्याला चैन समजत नाही.

नावाचा संबंध अगदीच नाही असेही नाही. होंडाच्या दीड लिटर टर्बो इंजिनाच्या २०१७-१८ च्या काही गाड्यांत थंड हवेत छोट्या छोट्या फेऱ्या मारल्या की इंजिन ऑइलमध्ये पेट्रोल मिसळल्याच्या तक्रारी आल्या होत्या. जानेवारीच्या थंडीत घर ते शाळा आणि शाळा ते घर ही आमच्या मुलीची दिनचर्या त्या वर्णनात तंतोतंत बसते. भारतात क्रेटा आणि सेल्टोसमुळे घराघरांत पोहोचलेल्या ह्युंदाई आणि किया यांच्या गाड्या इथे स्वस्तात मिळतात, परंतु २०२१ पर्यंतच्या, किल्ली फिरवून सुरू होणाऱ्या अनेक गाड्यांत इमोबिलायझर, म्हणजे खरी किल्ली नसेल तर इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा, नव्हता. त्या कशा चोरायच्या याचे व्हिडिओ समाजमाध्यमांवर पसरल्यावर चोऱ्या इतक्या वाढल्या की काही विमा कंपन्यांनी काही भागांत त्यांचा नवा विमा उतरवणेच थांबवले. ह्युंदाई आणि किया यांनी नंतर मोफत सॉफ्टवेअर बदलून दिले. तरी घेण्याआधी विमा एजंटला विचारलेले बरे.

गाडी प्रत्यक्ष पाहायला गेल्यावर इथला विक्रेता काचेवरच्या तपासणीच्या स्टिकरकडे मोठ्या अभिमानाने बोट दाखवतो. त्यावर विसंबू नये. न्यू जर्सीने २०१० मध्ये खासगी मोटारींची यांत्रिक तपासणी बंद केली. आता सरकारी केंद्रावर मुख्यतः धूर आणि उत्सर्जन तपासले जाते. ब्रेक घासून संपत आले असतील किंवा सस्पेंशन मोडकळीला आले असेल तरी ते स्टिकर मिळू शकते. त्यामुळे विक्रेत्याशी संबंध नसलेल्या मेकॅनिककडून गाडी लिफ्टवर चढवून तपासून घेण्याला पर्याय नाही. त्याचे दीड-दोनशे डॉलर द्यावे लागतात आणि जो विक्रेता गाडी बाहेर तपासायला देत नाही, त्याच्याकडून सरळ निघून यावे. आम्हीही एकाच्या दारातून असेच परतलो.

लिफ्टवर पाहायचे ते मुख्यतः गंज. हिवाळ्यात रस्त्यांवर टनांनी मीठ पसरतात आणि ते गाडीच्या पोटाला चिकटून ब्रेकच्या नळ्यांपर्यंत सगळे खाते. कोकण किनाऱ्यावर गाडी ठेवणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. दुसरी गोष्ट पुराची. २०१२ च्या सँडी आणि २०२१ च्या आयडा वादळांत न्यू जर्सीतील असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या, आणि अशा गाड्या धुऊनपुसून, कधी दुसऱ्या राज्यात नवी कागदपत्रे करून, पुन्हा बाजारात येतात. कारफॅक्ससारखा गाडीच्या इतिहासाचा अहवाल घ्यावाच, पण सीटखालच्या पट्ट्यांवरचा गंज, पूर्ण ओढून पाहिलेल्या सीटबेल्टच्या टोकाला राहिलेला चिखलाचा डाग आणि जास्तच दरवळणारे सुगंधी द्रव्य हे पुरावे अहवालात येत नाहीत. टायरच्या बाजूला कोरलेले शेवटचे चार आकडेही वाचावेत : २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी सहा-सात वर्षांचा रबर कडक झालेला असतो.

रिकॉलबाबत, म्हणजे दोष आढळल्यामुळे कंपनीने दुरुस्तीसाठी परत मागवलेल्या गाड्यांबाबत, भारतातून आलेल्या माणसाची हमखास फसगत होते, कारण अमेरिकेत सगळे कायद्याने चोख असणार अशी आपली समजूत असते. नवी गाडी रिकॉलचे काम बाकी असताना विकता येत नाही, भाड्याच्या मोठ्या कंपन्यांवरही बंधन आहे, पण जुनी गाडी तशीच विकण्यावर केंद्रीय कायद्याची बंदी नाही. टकाटा कंपनीच्या स्फोट होणाऱ्या एअरबॅग परत मागवण्याची मोहीम या देशातील सर्वांत मोठी होती आणि त्यातल्या काही अजूनही रस्त्यावर आहेत. आपल्याकडच्या चेसिस नंबरसारखा सतरा अक्षरी-अंकी क्रमांक इथे पुढच्या काचेच्या कोपऱ्यातून वाचता येतो. तो नॅशनल हायवे ट्रॅफिक सेफ्टी ॲडमिनिस्ट्रेशन या केंद्रीय सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर टाकला की बाकी असलेले काम लगेच दिसते आणि अधिकृत डीलरकडे ते फुकट होते.

डीलरकडून घ्यावी की खासगी व्यक्तीकडून, यावर आमच्या घरी बरीच चर्चा झाली. खासगी विक्रीत किंमत कमी असते, मात्र ६.६२५ टक्के विक्रीकर दोन्हीकडे भरावाच लागतो. या राज्यात जुन्या गाड्यांसाठीही ग्राहक संरक्षणाचा कायदा आहे, पण तो फक्त डीलरकडून घेतलेल्या, सात मॉडेल-वर्षांपर्यंतच्या आणि एक लाख मैलांच्या आतल्या गाड्यांना लागू होतो. साठ हजार मैलांच्या वर चाललेल्या गाडीला त्यात मिळणारी हमी तीस दिवस किंवा हजार मैलांची, जे आधी संपेल ते. ही हमी तुटपुंजी असली तरी 'आहे तशी' विकलेल्या गाडीला तेवढीही नसते. आम्ही डीलरकडूनच २०१९ ची फॉरेस्टर घेतली. तिच्यातली चारही चाकांना ताकद देणारी रचना बर्फातून निघायला मदत करते, थांबायला मुळीच करत नाही, हे मुलीला समजावे म्हणून पहिल्याच हिमवर्षावात तिला रिकाम्या पार्किंगमध्ये ब्रेक दाबून पाहायला लावले. तिची स्वतःची पसंती लाल जीप रँग्लरला होती. दरवाजे आणि छप्पर काढता येणारी गाडी सतराव्या वर्षी हवीहवीशी वाटते यात नवल नाही. (पेट्रोल भरायला मात्र ती शिकलेली नाही, कारण स्वतः पेट्रोल भरण्यास बंदी असलेले न्यू जर्सी हे आता देशातील एकमेव राज्य आहे.)

शेवटचा आणि सर्वांत मोठा खर्च विम्याचा. किशोरवयीन चालकाचे नाव पॉलिसीत चढले की हप्ता इतका वाढतो की गाडीच्या किमतीची घासाघीस पोरकट वाटू लागते. तिच्या नावाने स्वतंत्र पॉलिसी घेण्यापेक्षा कुटुंबाच्या पॉलिसीत तिला जोडणे खूपच स्वस्त पडले, आणि शाळेत सरासरी बी श्रेणी राखल्याबद्दलची सवलत प्रगतिपुस्तक पाठवल्यावर मिळाली. दुसऱ्याला झालेल्या इजेच्या भरपाईची कायदेशीर किमान मर्यादा २०२६ पासून एका व्यक्तीमागे ३५ हजार डॉलर झाली आहे; इथल्या रुग्णालयांची बिले पाहता ती एका रात्रीत संपेल, म्हणून आम्ही ती बरीच वर नेली. त्यासाठीचे पैसे काढले ते आपल्या गाडीच्या नुकसानीची वजावट, म्हणजे त्यातली आपण स्वतः सोसायची रक्कम, हजार डॉलरपर्यंत वाढवून. बंपरला ओरखडा आला तर आम्ही खिशातून भरू, आणि तिच्या नोकरीच्या पगारातून त्यातला अर्धा वाटा जाईल, असे तिच्याशी आधीच ठरले आहे.