काका, गाडी रात्री इथेच ठेवा

कुर्ल्याला आमचं गॅरेज. मुलुंडचे एक काका जुनी ऑटोमॅटिक घेऊन आले, तक्रार काय तर सकाळी पहिल्यांदा स्टार्ट करून डीमध्ये, म्हणजे ड्राइव्हला टाकली की चार-पाच सेकंद काहीच होत नाही, मग खाडकन गिअर घेते आणि नंतर दिवसभर एकदम मक्खन. आधीच्या गॅरेजवाल्याने सरळ गिअरबॉक्स उतरवायला सांगितलेलं. आता मुलुंडवरून ट्रॅफिकमधून तापून आलेल्या गाडीत मला काय घंटा दिसणार! म्हटलं काका, गाडी रात्री इथेच ठेवा.

संध्याकाळी गाडी गरम आणि चालू असताना गिअरबॉक्स ऑइलची लेव्हल बघितली, बरोबर फुलच्या खुणेवर. पोऱ्याला दम दिला, सकाळी मी येईपर्यंत चावी लावायची नाही. सकाळी स्टार्ट न करताच डिपस्टिक काढली तर ऑइल खुणेच्या बोटभर वर. इंजिन बंद असताना लेव्हल थोडी वर दिसतेच पण इतकी नाही, म्हणजे टॉर्क कन्व्हर्टर, इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देतो तो, रात्रीत रिकामा होऊन ऑइल खालच्या पॅनमध्ये उतरलेलं. मग स्टार्ट केल्यावर पंप आधी कन्व्हर्टर भरतो, तोवर गाडी ढिम्म. पाणी यायच्या वेळेला नळ आधी फुसफुसतो ना, तसंच.

पण गिअरबॉक्सच्या आतल्या क्लचचे रबरी सील कडक झाले तरी लक्षण असंच येतं, आणि तिथे खर्च मोठा. म्हणून पुढच्या सकाळी स्टार्ट करून डीला हातच लावला नाही, मिनिटभर न्यूट्रलमध्ये चालू ठेवली आणि मग टाकली तर लगेच घेतला. सील गेलेला असता तर न्यूट्रलमध्ये थांबून काही फरक पडला नसता, कारण क्लचला प्रेशर डीमध्ये टाकल्यावरच जातं. रिव्हर्सपण तसाच पटकन पडला.

या गाडीत गिअरबॉक्स ऑइल थंड करणाऱ्या कूलरच्या लाइनला चेक व्हॉल्व्ह आहे, ऑइल मागे उतरू नये म्हणून. काढला तर आत बारीक कचरा अडकून तो अर्धवट उघडाच राहिलेला. ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्टवाल्यांकडून नवीन मागवला, लाइन फ्लश केली, ऑइल-फिल्टर बदलला, आणि परत एक रात्र गाडी उभी. सकाळी लेव्हल जागेवर, डी टाकला की लगेच उचलली.

काकांना एकच सांगितलं, गिअर घेत नाही म्हणून रेस करत बसू नका, त्या खाडकन झटक्याने क्लच जातात. आणि पंपाचा बुश, म्हणजे आतली बेअरिंगसारखी रिंग, झिजला असेल तर हा प्रॉब्लेम परत येऊ शकतो, तेव्हा मात्र गिअरबॉक्स उतरवावाच लागेल. काका म्हणाले, "तेव्हाचं तेव्हा बघू रे," आणि बिलात शंभर रुपये कमी करायला लावून गेले.