आणि आजींची लस?

"माझं काय आता! नातवाचं झालं ना, बास."

दवाखान्यात नंबर यायची वाट बघत होतो. शेजारच्या आजींना सिस्टरनी विचारलं, "तुम्ही फ्लूची लस घेतली का?" त्यावर आजी हसत हसत हे म्हणाल्या.

त्यांच्या मांडीवर नातवाचं लसीकरणाचं कार्ड होतं, प्लास्टिकच्या कव्हरात जपून ठेवलेलं. मला कौतुकाने दाखवलं. प्रत्येक रकान्यात तारीख, एकही डोस चुकलेला नाही. त्यांच्या स्वतःच्या पिशवीत शुगरचे रिपोर्ट आणि बीपीच्या गोळ्यांची चिठ्ठी. लसीचा कागद एकही नाही.

तेव्हापासून मन लागत नाहीये. साठी-पासष्टीनंतर फ्लू म्हणजे नुसती सर्दी नसते हो. त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो, मधुमेह असेल तर साखर वर जाते, आणि फ्लू झाल्यानंतरच्या आठवड्यात हार्ट अटॅकचा धोकाही वाढतो. विषाणू सतत बदलतो, म्हणून लस दरवर्षी घ्यावी लागते. ती घेतल्यावर संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात जोर धरतो, त्यामुळे मे महिन्यात डॉक्टरांना विचारून टाकलेलं बरं. लस घेऊनही फ्लू होऊ शकतो, पण सहसा तो दवाखान्यात भरती करण्यापर्यंत जात नाही. माझ्या मते तेवढ्यासाठीसुद्धा ती घ्यावीच.

बाळांच्या लसीच्या तारखा घरात सगळ्यांना पाठ असतात. तुमच्या आईबाबांनी फ्लूची लस शेवटची कधी घेतली, सांगता येईल?