जुन्या कॅनन ६००डी कॅमेऱ्याचा फिल्टर काढला, माझा अनुभव

मृग नक्षत्राचे फोटो काढायचा नाद मला फार आधीपासूनचा, पण साध्या डीएसएलआरवर मृगातला मोठा तेजोमेघ तेवढा उठून यायचा, त्याच्या आजूबाजूला हायड्रोजनचा जो लाल पसारा आहे तो काही केल्या येईना. कारण तो प्रकाश ६५६.३ नॅनोमीटरचा आणि कंपनी सेन्सरसमोर, म्हणजे फोटो टिपणाऱ्या चिपसमोर, जो फिल्टर बसवते तो त्यातला जेमतेम पाव भाग आत सोडतो. रोजच्या फोटोत रंग नीट दिसावेत म्हणून ते बरोबरच आहे, आकाशासाठी मात्र तोच आडवा येतो. कॅननने खास आकाशासाठी २०डीए, ६०डीए आणि २०१९ मधे आरए हे कॅमेरे काढले, पण ते आपल्या बजेटच्या बाहेर, म्हणून जुना ६००डी घेतला आणि तोच उघडायचं ठरवलं.

परभणीत माझ्या एका मित्राचं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे. बारीक स्क्रू आणि रिबन, म्हणजे आतल्या चपट्या वायरी, हे त्याचं रोजचं काम, त्याला म्हणलं रविवारी बसू. त्याने बॅटरी काढून सगळ्यात आधी फ्लॅशचा कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, रेझिस्टर लावून उतरवला, मल्टीमीटरने तपासला आणि मगच मला हात लावू दिला. ही गोष्ट लई महत्त्वाची, तिथं ३०० व्होल्टच्या आसपास चार्ज असतो आणि बॅटरी काढली तरी टिकून राहतो. पुढं एका रिबनपाशी माझा हात गेला तसा तो म्हणला, "ओढू नको गड्या, आधी लॅच उचल." लॅच म्हणजे रिबन धरून ठेवणारी बारीक खिटी, ती नखानं वर केली की रिबन आपोआप सुटते. निघालेला प्रत्येक स्क्रू कागदावर कॅमेऱ्याचं चित्र काढून त्या त्या जागी टेपनं चिकटवत गेलो.

खरी काळजी सेन्सरची. तो तीन स्क्रूंवर, खाली स्प्रिंग, आणि त्या स्क्रूंवरच त्याची पातळी ठरते. म्हणून प्रत्येकाचे फेरे मोजून लिहून ठेवले आणि परत तेवढेच दिले, कारण जरा तिरका बसला की एका कोपऱ्यात तारे टिपूस येतात आणि दुसऱ्यात फुगतात.

काचा दोन असतात. पुढची, धूळ झटकणारी, तशीच ठेवली, ती इन्फ्रारेडही अडवते. मागची, म्हणजे लाल अडवणारा तो फिल्टर, काढली. ट्यूबलाईटसमोर धरली तर निळसर हिरवट, आणि तिच्यातून चार्जरचा लाल दिवा बघितला तर मंद. एवढ्याशा काचेनं इतकी वर्षं लाल अडवलं होतं!

काच गेली की फोकस तिच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश पुढं, लेन्सकडं सरकतो, त्यामुळं व्ह्यूफाइंडरमधून ऑटोफोकस चुकतो आणि अनंताच्या खुणेलाच अडणाऱ्या लेन्स ताऱ्यांवर फोकस होत नाहीत. माझी ५० एमएम लेन्स खुणेच्या थोडी पुढं जाते म्हणून भागलं, तशीही ताऱ्यांवर फोकस लाईव्ह व्ह्यूमधे, म्हणजे मागच्या स्क्रीनवर, झूम करूनच करायचा असतो. ज्याला जुन्या लेन्स वापरायच्यात त्याने तिथं साधी पारदर्शक काच बसवून घ्यावी.

डिसेंबरात अमावस्येच्या आसपास शेतातल्या आखाड्यावर गेलो, कडाक्याची थंडी, तूर उभी, ताऱ्यांच्या चालीनं कॅमेरा फिरवणारा ट्रॅकर ध्रुव ताऱ्यावर नेम धरून लावायचा असतो आणि तो तारा आपल्याकडं १९ अंशावरच, त्यामुळं मोकळी उत्तर बाजू शोधावी लागली. मिनिटा-मिनिटाचे फोटो घेऊन सिरिल नावाच्या सॉफ्टवेअरमधे एकत्र केले आणि मृगाला वळसा घालणारं बर्नार्डचं कडं (हायड्रोजनची मोठी कमान) लालभडक उमटलं, जे आधीच्या कॅमेऱ्यात कधीच दिसलं नव्हतं. मृगातल्याच घोड्याच्या डोक्यासारख्या काळ्या मेघामागचा लाल पडदाही आला.

दिवसा या कॅमेऱ्यात सगळं गुलाबी येतं, पांढऱ्या कागदावर कस्टम व्हाइट बॅलन्स घेतला की बरंच सुधारतं, पण लग्नाकार्याला मी दुसराच नेतो. हा आता मार्चपासून पहाटे धनु राशीकडं लावायचाय, पावसाळ्याआधी तिथला लगून तेजोमेघ मिळाला पाहिजे.