कारणाच्या रकान्यात काय लिहायचं?

फॉर्म माझ्या टेबलावर आला तेव्हा ‘अपघाताचे कारण’ हा रकाना आधीच भरलेला होता : चालकाचा निष्काळजीपणा. मी फक्त सही करायची, एवढंच बाकी होतं. कंपनीत सुरक्षा अधिकारी या पदाकडून बहुतेकांची अपेक्षा तेवढीच असते.

आमचा सर्व्हिस इंजिनिअर रात्री पावणेतीनला ग्राहकाच्या प्लांटवरून परतताना दुभाजकावर आदळला होता. सीटबेल्ट होता म्हणून कॉलरबोन मोडण्यावर निभावलं. रस्ता कोरडा, सरळ, रिकामा. फोटो मोठे करून पाहिले, तर ब्रेक दाबल्याची एकही खूण नाही. जागा माणूस शेवटच्या क्षणी तरी ब्रेकवर पाय मारतो.

भेटायला गेले तर पहिलंच वाक्य, “मॅडम, डोळा लागला असं लिहू नका. नोकरी जाईल.”

मग मी गाडी सोडून वेळापत्रक मागवलं. सकाळी सहाला घर सोडलेलं, दोन व्हिजिट, त्यानंतर मशीन बंद पडल्याचा तातडीचा कॉल. काम संपलं दीडला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला ऑफिसात मीटिंग, हजेरी सक्तीची. सलग १७ तास जागलेल्या माणसाच्या प्रतिक्रिया रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारख्या मंदावतात. हा वीस तासांच्या पुढे गेलेला, तोही पहाटेच्या त्या वेळी जेव्हा शरीर झोपच मागत असतं. ताशी ८० च्या वेगात चार सेकंदांची डुलकी म्हणजे जवळजवळ ९० मीटर गाडी कुणाच्याच ताब्यात नाही. फोनवर डिस्पॅचचे, म्हणजे इंजिनिअरना कामावर पाठवणाऱ्या विभागाचे, मिस्ड कॉलही होते, ‘निघालास का?’ विचारणारे.

सर्व्हिस विभागाचे प्रमुख म्हणाले, “त्यानं थांबायचं होतं ना!” थांबायचं कुठे? मुक्कामाच्या खर्चाला आदल्या दिवशी मंजुरी लागायची. मशीन आदल्या दिवशी कळवून बंद पडत नाही.

चिडचिड झाली खरी. प्लांटमध्ये शिडीवर चढायचं तर आम्ही परमिट मागतो, हार्नेस तपासतो. नोकरीतलं सगळ्यात धोक्याचं काम मात्र ‘लायसन्स आहे ना?’ एवढ्यावर सोडून देतो. मी रकाना खोडला आणि कामाचे तास, मीटिंग, मुक्कामाचा नियम असं सगळं क्रमानं लिहिलं. व्यवस्थापनाच्या बैठकीत वाद झाला, लांबला. शेवटी ठरलं : ठरावीक तासांनंतर स्टिअरिंगला हात लावायचा नाही, मुक्कामाला मंजुरी लागणार नाही, गाडी चालू असताना डिस्पॅचनं फोन करायचा नाही. हँड्स-फ्रीवरसुद्धा नाही, कारण हात मोकळे असले तरी डोकं बोलण्यातच असतं.

परवा आमच्या एका इंजिनिअर मुलीनं रात्री डिस्पॅचला कळवलं, “मी आता गाडी चालवत नाही, इथेच राहते.” सकाळची व्हिजिट पुढे गेली, ग्राहकाचा तक्रारीचा मेल आला. प्रमुखांनी तो मला फॉरवर्ड केला, वर एक शब्दही न लिहिता. मी ग्राहकाला नवी वेळ कळवून टाकली.