पर्जन्यमापक नोंद: पिंग जातं, ग्राफ अडकतो

देवगडच्या आमच्या कलमांच्या बागेतला पर्जन्यमापक पहिल्या पावसापासून नीट चालला होता. आतली छोटी बादली उलटली की ०.२ मिलिमीटर, मोजणी रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर आणि तिथून वायरगार्डच्या टनेलमधून (इंटरनेटवरची खासगी, कुलूपबंद वाट) व्हीपीएसवर, म्हणजे भाड्याच्या सर्व्हरवर. घरच्या फायबरला १०० ने सुरू होणारा सामायिक पत्ता मिळतो, बाहेरून थेट आत येता येत नाही, म्हणून डेटाबेस आणि ग्राफ दोन्ही व्हीपीएसवर ठेवलेत. पडवीतल्या स्क्रीनवर तोच ग्राफ टनेलमधून येऊन दिसतो.

बुधवारी रात्री वादळात लाईट गेली. सकाळी बाबांनी विचारलं, "काल पाऊस किती पडलो?" आणि स्क्रीनवर पानाचं शीर्षक तेवढं, खाली कोरं.

पहिला संशय विजेवर, मग केबलवर गेला. पण पिंग (पोच मागणारं छोटं चाचणी पॅकेट) व्यवस्थित जात होतं, टनेलच्या दोन टोकांचा हँडशेक ताजा होता, नोंदी व्हीपीएसवर पोहोचत होत्या. एसएसएचने (दुरून आदेश चालवायची सोय) व्हीपीएसच्या आत गेलो, छोटे आदेश चालले, मोठी लॉग फाइल उघडली की टर्मिनल गोठायचं. लहान जातं आणि मोठं अडकतं, हे दिसलं की एमटीयूच तपासायचा, म्हणजे एका पॅकेटचा जास्तीत जास्त आकार, बाईटमध्ये.

व्हीपीएसवर टीसीपीडंप लावलं, ते येणारी-जाणारी पॅकेटं दाखवतं. एकच मोठं पॅकेट पुन्हा पुन्हा निघत होतं, दर वेळी आधीच्या दुप्पट थांबून. पोच येतच नव्हती. मग तुकडे करायला मनाई करून, आकार वाढवत पिंग केलं: १३८० गेलं, १३८१ अडकलं.

हिशेब असा. आमचं फायबर पीपीपीओईवर (लॉगिन करून जोडणी घ्यायची पद्धत) आहे, म्हणजे नेहमीच्या १५०० तले ८ बाईट गेले, उरले १४९२. वायरगार्डचा नेहमीचा एमटीयू १४२०. आयपीव्ही४ वरून (इंटरनेट पत्त्यांची जुनी पद्धत) गेलं तर वर वेष्टनाचे ६० लागतात, १४८० होतात, आरामात बसतात. नव्या आयपीव्ही६ वर मात्र ८० लागतात, म्हणजे बरोबर १५००, ते १४९२ मध्ये मावत नाहीत. आणि त्याआधीच्या रविवारी मीच व्हीपीएसच्या नावाला आयपीव्ही६ पत्ता जोडला होता! वायरगार्ड नावावरून पत्ता शोधतं ते फक्त सुरू होताना. लाईट येऊन रास्पबेरी पाय पुन्हा सुरू झाला तेव्हा त्याने नवा पत्ता उचलला. तीन दिवस काही बिघडलं नाही ते यामुळेच.

आयपीव्ही६ मध्ये वाटेतला राउटर पॅकेटचे तुकडे करत नाही, 'पॅकेट फार मोठं' असा निरोप पाठवणाऱ्याला देतो. तो आयसीएमपीव्ही६ चा (नेटवर्कचे निरोप नेणारी पद्धत, पिंगही त्यातलंच) प्रकार २. व्हीपीएसच्या पॅनेलमधल्या फायरवॉलमध्ये मी फक्त पिंगलाच आत येऊ दिलं होतं, निरोप दारातच अडत होता. आयसीएमपी सरसकट बंद करू नका, हे मी सगळ्यांना कळकळीने सांगतो.

एक गोष्ट मला फार आवडली. १४९२ वजा ८० म्हणजे १४१२, मग पिंगच्या स्वतःच्या वेष्टनाचे २८ वजा जाता १३८४ जायला हवं होतं. पण वायरगार्ड आतला मजकूर १६ च्या पटीत भरतं, मात्र एमटीयूच्या पुढे जात नाही. १४०८ (१३८० अधिक २८) ही १६ ची पट आहे, त्यापुढचा एक बाईटही थेट १४२० वर जातो.

प्रकार २ ला फायरवॉलमधून आत येऊ दिलं, दोन्ही टोकांना एमटीयू १४०८ केला आणि ग्राफ लगेच भरला. एमटीयूच १४१२ ठेवला तर भरणीही तिथेच थांबेल आणि चार बाईट वाचतील. रविवारी लाईट असली तर करून बघतो.